कातळमाचीवरच्या टाकीविषयी

मी, दत्तप्रसाद रंगराव मोहोड, वय सत्तर पूर्ण, व्यवसाय पूर्वी वेल्डर व आता काही नाही, मूळ राहणार कारंजा तालुका, जिल्हा वाशीम, हल्ली राहणार मांजरी बुद्रुक, पुणे, हा लेख स्वतःच्या मर्जीने व स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिहिताना घरात माझ्याशिवाय कोणी नाही, त्यामुळे कोणी धाक घातला किंवा फूस लावली असा संशय घेण्यास जागा नाही. डॉ. अस्मिता काळमेघ यांनी मला तपासून मन शाबूत असल्याचा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. फुप्फुसांबद्दल त्या जे म्हणाल्या ते दाखल्यात नाही, म्हणून येथे लिहितो: यापुढे चढ चढायचा नाही. ज्या जागेसाठी मी मुख्यतः हे मृत्युपत्र करीत आहे तेथे चढूनच जावे लागते.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात याची अंमलबजावणी माझे जावई योगेश ढमढेरे यांनी करावी.

१. मांजरी येथील सदनिका, दुसरा मजला, उसाच्या शेताकडे तोंड असलेली. आता ऊस राहिलेला नाही, तेव्हा समोरच्या इमारतीकडे तोंड असलेली असे वाचावे. ही सदनिका माझ्या व माझी पत्नी नम्रता हिच्या नावावर निम्मी निम्मी आहे. माझा निम्मा हिस्सा आमची एकुलती मुलगी उत्कर्षा योगेश ढमढेरे हिला मिळावा. नम्रताचा निम्मा हा नम्रताचाच आहे, त्याबद्दल मी काही लिहिणे बरोबर नाही.

नम्रता येथे राहत नाही. हडपसरच्या शाळेतून निवृत्त झाली त्याच वर्षी उत्कर्षाच्या बाळंतपणासाठी ती धायरीला गेली. नात शाळेत जाऊ लागली तरी ती परतली नाही. आमचे भांडण झालेले नाही. मी कधी विचारले नाही आणि तिने कधी सांगितले नाही. कोणी चौकशी केली तर दोघेही ‘नातीसाठी’ असे उत्तर देत आलो. कपाटाच्या डाव्या खणात तिच्या साड्या आहेत. त्या खणाला मी हात लावलेला नाही. घर आवरताना उत्कर्षाने तो खण आईला विचारूनच उघडावा.

सोसायटीच्या कमिटीसाठी मी काही ठेवत नाही. गच्चीवर लोखंडी चूल वेल्डिंगने जोडताना ठिणग्या उडतात म्हणून त्यांनी मला नोटीस दिली होती. ती परत हवी असल्यास स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेली आहे.

२. बँकेत जे काही निघेल ते नात राजनंदिनी हिच्या शिक्षणासाठी. शिकली नाही तरी तिचेच.

३. कारंजा येथील वडिलोपार्जित शेतातील माझा हिस्सा धाकटा भाऊ शुभंकर कसतो. त्याने सातबाऱ्यावरचे माझे नाव काढले नाही याबद्दल मी त्याचा ऋणी आहे, कारण त्या नावाच्या जोरावरच मी शेतकरी ठरलो आणि पुढे मला माचीवर जमीन घेता आली. वडिलांच्या तेराव्याला तो मला जे बोलला तेही मी विसरलेलो नाही. हिस्सा त्यालाच द्यावा. बोललेले परत घेण्याची आवश्यकता नाही.

४. आता कातळमाची. पानशेतच्या पलीकडे, घाटमाथ्यावर, ढेबेवाडीच्या वरच्या अंगाला असलेला माझा जमिनीचा तुकडा व त्यावरील टाकी. सातबारा जोडला आहे. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस वाडीतून वर येणारी पायवाट; दक्षिणेस मैनाबाई ढेबे यांचे नाचणीचे शेत; उत्तरेस उघडा कातळ; पश्चिमेस कडा, आणि कड्याच्या पुढे कोकण, ज्यावर माझा कोणताही हक्क नाही.

सातबाऱ्यावर टाकीचा उल्लेख नाही. तलाठ्याने विचारले होते, “हे घर आहे की वाहन?” मी म्हणालो, “दोन्ही नाही.” त्याने रकाना रिकामा सोडला. म्हणून ती काय आहे ते मला येथे लिहावे लागते.

मी हडपसरला दुधाचे टँकर बांधणाऱ्या कारखान्यात नोकरी केली. टँकरची टाकी दुहेरी असते. आत एक स्टेनलेस स्टीलचे भांडे, बाहेर दुसरा पत्रा आणि मध्ये फोमचा जाड थर, म्हणजे उन्हाळ्यातही दूध तापत नाही. आतली शिवण जोडायला माणसाला वरच्या झाकणातून टाकीत उतरावे लागते. माझी अंगकाठी बारीक, म्हणून ते काम माझ्याकडे आले आणि निवृत्तीपर्यंत माझ्याकडेच राहिले. आत बसले की बाहेरचा आवाज येत नाही. कारखान्याचा भोंगा दुसऱ्या गावात वाजल्यासारखा वाटतो. इतरांना त्या जागेत गुदमरायचे. मला तेथे बरे वाटायचे. आज फुप्फुसांचे जे झाले आहे ते त्याच धुराने झाले, हे मला माहीत आहे, आणि तरीही मला तेथे बरे वाटायचे.

नम्रता एकदा म्हणाली होती, “तुम्ही बाहेर आलात तरी आतच असता.” ती चिडून म्हणाली नव्हती. पोळ्या लाटता लाटता म्हणाली होती.

माचीवर मला प्रथम नेले जयसिंग रायकरने. तो धायरीचा, आमच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. माची हे त्याचे आजोळ. दोघेही निवृत्त झाल्यावर त्याने मला वर नेले, कड्याच्या काठाशी बसवले आणि दोन तास स्वतः एक शब्द बोलला नाही. बडबड्या माणसाने माझ्यासाठी केलेली ती सर्वात मोठी गोष्ट. उतरताना त्याने विचारले, “घेतोस का तुकडा? मामांना विचारतो.” मी हो म्हणालो.

त्या माचीवर विटांचे घर टिकत नाही. पावसाळ्यात वारा कोकणातून सरळ चढून येतो आणि पाऊस वरून न येता आडवा येतो. कौले उडतात, भिंती पाणी पितात. पत्र्याची शेड एका हंगामात वाकते. जयसिंग म्हणाला, “इथं काहीतरी असं पाहिजे, ज्याला कोपराच नाही.” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. कोपरा नसलेल्या वस्तू बांधण्यात आमचा जन्म गेला होता.

सोलापूर रस्त्याला उलटलेला एक टँकर हडपसरच्या भंगारवाल्याकडे पडून होता. चेसिस मोडलेली, टाकी एका अंगाने चेपलेली. मी आत उतरलो, बॅटरीने शिवण पाहिली. पाणी भरून ठेवले, सकाळपर्यंत थेंब गळला नाही. ती टाकी घेतली. आत तीन कप्पे होते. कप्प्यांच्या भिंतींशी कापून तीन तुकडे केले, जयसिंगने स्वतः क्रेनने ते ट्रॉलीवर चढवले आणि ट्रॅक्टरने ते डांबरी रस्ता संपतो तेथपर्यंत गेले. पुढे वाट नाही. ढेबेवाडीच्या लोकांनी लाकडाच्या ओंडक्यांवरून, दोर लावून दोन तुकडे वर ओढले. तिसरा चढेना.

तो तिसरा तुकडा रस्त्याच्या कडेला पडला असताना एक बाई कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. त्या मैनाबाई ढेबे. वाडीत त्यांचे घर, चार म्हशी, पती मुंबईला हमालीला गेले ते तिकडेच वारले, घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई गोदाबाई. त्या मला म्हणाल्या, “बाबा, ह्या तुकड्याचं काय करनार हाय?”

“अजून ठरलं नाही.”

“मंग मी ठरवते. वाडीला पान्याची टाकी न्हाई.”

तो तुकडा आजही वाडीला पाणी देतो. माझ्या हातून झालेल्या कामांपैकी सर्वात कमी विचार करून झालेले ते काम.

वर आम्ही कातळात भोके पाडून लोखंडी पट्टे बसवले आणि दगडी जोत्यावर टाकी त्या पट्ट्यांनी आवळली. भाड्याचा जनरेटर वर नेऊन दोन्ही कप्पे जोडले. दार पूर्वेला कापले, म्हणजे वाऱ्याकडे टाकीची पाठ राहील. कापलेल्या कडेतून फोममध्ये पाणी शिरू नये म्हणून चौकटीभोवती पट्टी जोडून घेतली. खाली फळ्या टाकल्या. मधल्या पट्टीत माणसाला उभे राहता येते, कडेला बसावे लागते. भिंतीलगत दोन बाकडी केली, एक माझे, एक नम्रताचे. तिचे थोडे बुटके केले, तिला उंच बाकावर पाय लोंबकळलेले आवडत नाहीत.

काम झाल्यावर मी तिला फोन केला. म्हणालो, “एकदा येऊन बघ.”

ती म्हणाली, “टाकीतून बाहेर येणाऱ्या माणसाची मी नोकरीभर वाट पाहिली. आता टाकीत राहायला येऊ?”

मी फोन ठेवला.

पहिल्या पावसाळ्यात मी एकटाच तेथे राहिलो. सकाळी उठलो तर अंथरूण ओले, भिंतीवरून पाणी ओघळत होते. वाटले शिवण उघडली. दिवसभर शिवण तपासली, कोठेही काही नव्हते. नंतर लक्षात आले की ती गळती नव्हती, माझाच श्वास होता. बंद भांड्यात माणूस झोपला की त्याचा श्वास थंड पत्र्याला लागून पाणी होतो. मग आतून लाकडी पट्ट्या मारल्या, खाली एक झरोका कापला आणि वरच्या दोन झाकणांवर उलट्या मानेचे पाइप बसवले. हवा खालून येऊ लागली, वरून जाऊ लागली. त्यानंतर मात्र आत एक थेंब दिसला नाही. बाहेर आभाळ फाटले तरी आत दूर कोणी सुपाने धान्य पाखडत असल्यासारखा आवाज येई.

त्या वर्षीच्या दिवाळीत जयसिंग गेला. पुढची काही वर्षे मी पावसाळा माचीवर आणि उरलेले वर्ष मांजरीला असा राहिलो. तेथे मी एकटा होतो, पण त्याचा मला त्रास नव्हता. मला हवे होते तसेच ते होते.

५. पुढे लिहिलेली हकीकत टाकीच्या वारसाशी संबंधित असल्यामुळे मृत्युपत्रात येणे भाग आहे.

एका जुलैत पाऊस लागला तो थांबेचना. खालचा ओढा फुगून रस्ता तुटला. दुपारी दार वाजले. मैनाबाई उभ्या होत्या, डोक्यावर इरले, पायाला जळवा. म्हणाल्या, “आमच्या झऱ्याला लाल पानी आलंय. घरामागच्या उताराला भेग पडलीय, हात जाईल एवढी. खाली जायाला रस्ता न्हाई. बाबा, तुमच्या टाकीत किती मान्सं मावत्याल?”

मी म्हणालो, “दोन.”

खरे तेच मी सांगितले. दोघांसाठीच बांधली होती.

त्या म्हणाल्या, “मंग नीट मोजा,” आणि परत खाली गेल्या.

तासाभरात अख्खी वाडी वर आली. वाडी म्हणजे पाच घरे. म्हातारी माणसे पाठीवर, लेकरे काखेत, पिठाचे डबे, कोंबड्यांची खुराडी. गोदाबाईंना दोघांनी घोंगडीत घालून आणले. त्यांना नम्रताच्या बाकावर निजवले, कारण ते बुटके होते. त्यांनी पत्र्यावर हात फिरवला आणि विचारले, “ह्यात दूध व्हतं व्हय?”

“हो, आजी.”

“मंग आता आमी साय झालो.”

कोणीतरी हसले आणि त्या हसण्याने दाटीत थोडी जागा झाली.

म्हशी मागे राहिल्या होत्या. तीन वाटेने आल्या. चौथी, गाभण होती, ती दाव्यापासून हलेना. मैनाबाई दावे सोडून वर आल्या होत्या, तिला वाटले तर येईल म्हणून. अंधार पडण्याआधी तो आवाज झाला. गडगडाट म्हणावा तर आभाळातला नव्हता. कातळ पायाखाली हलला, पट्टे कुरकुरले, टाकी जागची हलली नाही. पुरुष मंडळी पायवाटेच्या तोंडाशी जाऊन पाहून आली. त्यांनी सांगण्याची गरज नव्हती. पाचांपैकी तीन घरे चिखलाखाली गेली होती, त्यात मैनाबाईंचे एक. त्या बऱ्याच वेळाने माझ्या चुलीत लाकूड सारताना म्हणाल्या, “हाक मारली असती तर आली असती ती. हाक मारायला सुचलं न्हाई.”

माणूस मात्र एकही गेला नाही.

पाऊस ओसरेपर्यंत सगळे तेथेच राहिले. दोन माणसांच्या श्वासासाठी पाडलेला झरोका एवढ्यांना कसा पुरणार? भिंतींवरून पुन्हा पाणी वाहू लागले. बायका पदराने पुसत, पुरुष पाळीपाळीने दार किलकिले धरून उभे राहत. बसायला जागा नव्हती, म्हणून निम्मी माणसे उभी राहायची आणि मग अदलाबदल व्हायची. लेकरे माझ्या मांडीवर झोपत. माझ्या मांडीवर उत्कर्षानंतर कोणी झोपले नव्हते. मला या सगळ्याचा त्रास व्हायला हवा होता. झाला नाही.

पुण्यात मात्र वेगळे कळले होते. माचीवर दरड कोसळली, तेथे एकटा राहणारा एक म्हातारा बेपत्ता आहे, असा निरोप मोबाइलवरून फिरत धायरीपर्यंत गेला. माझा फोन बंद पडला होता. पाऊस उघडताच नम्रता आणि योगेश निघाले. रस्ता तुटला होता तेथे गाडी सोडली आणि पुढचा सगळा घाट पायी चढून आले. नम्रताचे गुडघे दुखतात. तिला मी गच्चीवर चढतानाही कठडा धरताना पाहिले आहे.

मी दारात बसून कांदे चिरत होतो. मान वर केली तर ती समोर उभी होती. योगेशचा रेनकोट अंगात, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. माझ्यामागे आत लेकरे, बायका, धूर, कोंबड्या.

“मला वाटलं, तुम्ही एकटे असाल,” ती म्हणाली.

मी म्हणालो, “आत ये.”

“जागा आहे का?”

मैनाबाईंनी आतून हाक दिली, “या की बाई, सरकतो आमी.”

ती आत गेली. पीठ कोणाकडचे, लेकरू कोणाचे, गोदाबाईंना ऐकू कोणत्या कानाने येते, हे तिला घटकाभरात माहीत झाले. इतक्या वर्षांत मला वाडीतल्या निम्म्या माणसांची नावे ठाऊक नव्हती. तिने भाकऱ्या थापल्या. एका मुलीला पाढे विचारले आणि चुकल्यावर दुरुस्त केले. मी बाहेर योगेशजवळ उभा होतो. तो म्हणाला, “बाबा, प्लीज, यापुढे लोकेशन ऑन ठेवत जा. आई तीन दिवस जेवलेल्या नाहीत.” एवढेच बोलला. येताना सबंध घाट त्याने तिला हाताला धरून आणले, हे मला नंतर उत्कर्षाकडून कळले.

निघण्याआधी नम्रता गोदाबाईंच्या उशाशी बसली होती. तिने बाकाच्या फळीवर हात ठेवला आणि विचारले, “हे एवढं बुटकं का केलं?”

मी सांगणार होतो. तेवढ्यात योगेश म्हणाला, “आई, उजेड आहे तोवर उतरू या.” ती उठली. दारात चपला घालताना म्हणाली, “कडी घट्ट बसत नाही. बघून घ्या.” मग दोघे उतरले. वाट वळते तेथपर्यंत मी त्यांना पाहिले.

आठवडाभरात वाडीला खाली रस्त्याजवळ पत्र्याच्या शेड मिळाल्या. सगळे गेले. मी टाकी धुतली, झरोका साफ केला, दार लावून घेतले आणि बाकावर बसलो. मला वाटले होते, हुश्श होईल. तसे झाले नाही. त्यापूर्वी मी आयुष्यभर एकटा बसत आलो होतो, पण एकटेपणा म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळले. जे ऐकू न येण्यासाठी मी एवढी जाड भिंत निवडली होती, तेच मी कान लावून ऐकत बसलो होतो. कोणी खोकत नव्हते. कोणी सरकत नव्हते.

त्यानंतरही मी दर पावसाळ्यात गेलो. कडी दुरुस्त केली. गेल्या वर्षी अर्ध्या वाटेत दम लागून बसलो आणि मैनाबाईंनी मला खाली आणून सोडले. ती शेवटची खेप.

६. सबब, उपरोक्त जमीन व त्यावरील टाकी माझ्या पश्चात मैनाबाई ढेबे यांना मिळावी. त्या शेतकरी आहेत, बाजूचे शेत त्यांचेच आहे, कायद्याची अडचण येणार नाही. त्यांनी ती विकू नये अशी माझी इच्छा आहे. अट नाही, कारण घर गमावलेल्या माणसावर घराबद्दल अटी घालणे मला जमत नाही.

काही सूचना मात्र आहेत. मृगाआधी जोत्याभोवतीचा चर साफ करावा. वरच्या झाकणांचे रबर कडक झाले की बदलावे, भेग पडेपर्यंत थांबू नये. पट्ट्यांचे बोल्ट दर वर्षी आवळावेत आणि त्यांना ग्रीस लावावे. पत्र्याला बाहेरून रंग देऊ नये, स्टीलला लागत नाही. खालचा झरोका थंडी वाजते म्हणून चिंध्या कोंबून बंद करू नये. पावसाळ्यात दाराला कुलूप लावू नये. माणसे जास्त झाल्यास दार किलकिले ठेवावे.

७. जयसिंगचा मुलगा विश्वजीत रायकर मला तीनदा भेटून गेला. तो म्हणतो, “काका, एकदम युनिक प्रॉपर्टी आहे. थोडं इंटिरियर करू, वीकेंडला पब्लिक लाइन लावेल.” मी त्याला सांगितले की लाइन एकदा लागून झाली आहे. त्याला ते कळले नाही. मुलगा वाईट नाही, घाईत आहे. त्याला माझ्याकडचा जयसिंगचा फोटो द्यावा, क्रेनवर बसलेला. त्यात त्याचे वडील त्याच्याच वयाचे आहेत आणि अजिबात घाईत नाहीत.

८. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, हातोड्या व इतर सर्व हत्यारे जावई योगेश यास. त्याला स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा ते अजून विचारावे लागते, आणि तो ही हत्यारे बहुधा कधीच वापरणार नाही. तरी त्यालाच. घाटात धरलेल्या हाताबद्दल देण्यासारखे माझ्याकडे दुसरे काही नाही.

९. माझे अंत्यसंस्कार मांजरीला जवळच्या स्मशानात करावेत. वर न्यायचा खटाटोप करू नये, वाडीच्या लोकांनी माझ्यासाठी पुरेसे ओढले आहे. दहावा, तेरावा नम्रता ठरवील तसे. कारंजाला फक्त कळवावे.

१०. राहता राहिली माझी पत्नी नम्रता.

वकिलांनी सांगितले की साक्षीला दोन माणसे लागतात आणि ती शक्यतो अशी असावीत की ज्यांना या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. डॉ. काळमेघ एक झाल्या. दुसऱ्यासाठी मी आठ दिवस विचार केला. ज्यांना मी जवळ म्हणू शकतो त्या सर्वांना काही ना काही दिलेले होते, आणि उरलेल्यांपैकी कोणाच्या दारावर जाऊन थाप मारावी अशी माझी ओळख नव्हती. सत्तर वर्षांत एवढी माणसे जोडली, हे सदनिकेच्या खिडकीशी बसून मोजले.

तेव्हा साक्षीदाराचे बाजूला ठेवून मी धायरीला फोन केला. नम्रताला म्हणालो, “मृत्युपत्र करतोय. तुझ्यासाठी काय ठेवू?”

तिने विचारले, “साक्षीला कोण आहे?”

“एक डॉक्टरबाई. दुसरं कोणी अजून मिळालं नाही.”

मागे राजनंदिनी काहीतरी मोठ्याने वाचत होती, तेवढे ऐकू येत होते.

“मग माझ्यासाठी काही ठेवू नका,” ती म्हणाली. “मी येते.”

त्यामुळे, तिच्या सांगण्यावरून, माझी पत्नी नम्रता हिला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही.

येथवरचा मजकूर मी लिहिला, स्वतः वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खालील दोघींच्या समक्ष सही करीत आहे, आणि त्यांनी माझ्या व एकमेकींच्या समक्ष सह्या कराव्यात.

ठिकाण: मांजरी बुद्रुक, पुणे
दिनांक: ९ जानेवारी २०२५

(सही)
दत्तप्रसाद रंगराव मोहोड

साक्षीदार क्र. १
(सही)
डॉ. अस्मिता काळमेघ, राहणार हडपसर

साक्षीदार क्र. २
(सही)
नम्रता दत्तप्रसाद मोहोड, निवृत्त शिक्षिका, हल्ली राहणार धायरी

टीप: मृत्युपत्रातील शुद्धलेखनाच्या चुका साक्षीदार क्र. २ यांनी सही करण्यापूर्वी संपूर्ण मजकूर वाचून लाल शाईने सुधारल्या आहेत. प्रत्येक दुरुस्तीशेजारी मृत्युपत्र करणारा व त्या अशा दोघांच्याही आद्याक्षरी सह्या आहेत. मजकुरात बदल केलेला नाही.